मेडिकल स्कूलच्या अर्जाआधी सोपे क्लास घेऊन जीपीए वाढवायचाय? अमेरिकेतल्या प्री-मेड मुलांसाठी पायरी-पायरीने

कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू झालं की अमेरिकेतल्या मराठी घरांतून मला एक प्रश्न हमखास येतो. कधी मुलगी विचारते, कधी तिचे बाबा. ‘थोडे सोपे क्लास घेतले तर जीपीए वर येईल का? आणि मेडिकल स्कूलवाले ते धरतात का?’

धरतात. जीपीए म्हणजे कॉलेजच्या सगळ्या ग्रेडची सरासरी, आणि आलेला प्रत्येक ‘ए’ त्या हिशेबात जातो, मग तो ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा असो की संगीताच्या ओळखवर्गाचा. पण कुठला क्लास, कुठल्या सेमिस्टरला आणि कशाच्या जोडीला, हे न पाहता घेतलेले सोपे क्लास पैसेही खातात आणि वेळही, आणि आकडा जागचा हलत नाही. मी हे सगळं करून आता रेसिडेन्सीत आहे. माझं मत एकच आहे. सोप्या क्लासचा खरा उपयोग सरासरीला ठिगळ लावायला नाही, अवघड क्लासला पुरेसा वेळ मिळावा म्हणून आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच मतावर उभ्या आहेत.

आईवडिलांसाठी आधी थोडं सांगते, कारण घरातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. तुम्ही बारावीचे पीसीबीचे मार्क किंवा सीईटीचा रँक पाहत मोठे झालात, आता तिकडे नीट आहे. तिथे एका परीक्षेवर प्रवेश ठरतो आणि आधीचं सगळं मागे पडतं. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग एमडी किंवा डीओ (इथे या दोन्ही डॉक्टर होण्याच्या पदव्या आहेत). एमकॅट ही प्रवेश परीक्षा आहेच (गुण ४७२ ते ५२८), पण ती कितीही चांगली गेली तरी पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत आलेला ‘सी’ पुसला जात नाही. २०२३-२४ मध्ये एमडी स्कूलमध्ये दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा सरासरी जीपीए ३.७७ होता आणि एमकॅट ५११.७. अर्जदार ५२ हजारांच्या वर होते आणि जागा मिळालेले २३ हजारांच्या आसपास. जीपीएची एवढी धास्ती का असते, ते यावरून कळेल.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- आतापर्यंतच्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे क्लास केले असतील तर त्याचंही. ते ग्रेड अर्जात मोजले जातात आणि बहुतेकांना हे फार उशिरा कळतं.
- तुमच्या कॉलेजचा कोर्स कॅटलॉग आणि पदवीला अजून काय उरलंय ते दाखवणारा डिग्री ऑडिट.
- एक साधी एक्सेल शीट.
- एएएमसी या अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची एमएसएआर ही यादी. कुठल्या मेडिकल स्कूलला कोणते विषय लागतात, तिथे दाखल होणाऱ्यांचे जीपीए आणि एमकॅट साधारण कुठे असतात, ते त्यात दिलेलं असतं. पूर्ण माहितीसाठी वर्गणी भरावी लागते, पण ती वसूल होते.
- जे क्लास मनात आहेत त्यांचे मागच्या सेमिस्टरचे सिलॅबस.

१. आधी आकडेमोड, मग क्लास

प्रत्येक क्लासचे क्रेडिट (म्हणजे त्या क्लासचं वजन) गुणिले ग्रेडचे गुण, या सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. जीपीए म्हणजे एवढंच. अर्ज ज्या यंत्रणेतून जातो त्या ॲमकासमध्ये ‘ए’ला ४.०, ‘ए मायनस’ला ३.७, ‘बी प्लस’ला ३.३, ‘बी’ला ३.० धरतात. ‘ए प्लस’ मिळाला तरी ४.०च. तुमचं कॉलेज त्याला ४.३ देत असेल तर तो फायदा अर्जात गळून पडतो. कॉलेजच्या पोर्टलवरचा जीपीए आणि ॲमकासचा जीपीए म्हणूनच वेगळे निघतात. शीटमध्ये ॲमकासच्या पद्धतीनेच मांडा.

आता हे उदाहरण स्वतः करून पाहा. समजा तीन वर्षं झाली, ९० क्रेडिट झाले, जीपीए ३.४ आहे. म्हणजे ३०६ गुण जमा आहेत. तीन क्रेडिटचा एक सोपा क्लास घेतलात, ‘ए’ आला. ३१८ भागिले ९३, म्हणजे ३.४२. एका क्लासची फी भरून दोन शतांश मिळाले. संपूर्ण चौथं वर्ष, ३० क्रेडिट, सगळे ‘ए’ काढलेत तरी ४२६ भागिले १२०, म्हणजे ३.५५.

हेच पहिल्या वर्षानंतर केलं असतं तर? ३० क्रेडिट ३.४ने, म्हणजे १०२ गुण. दुसऱ्या वर्षाचे ३० क्रेडिट सगळे ‘ए’. २२२ भागिले ६०, म्हणजे ३.७. मेहनत तीच, ग्रेड तेच, पण भागाकाराच्या खालचा आकडा लहान असताना.

शिवाय चौथ्या वर्षाबद्दल अजून एक गोष्ट आहे. पदवीनंतर लगेच मेडिकल स्कूल सुरू करायचं असेल तर अर्ज तिसरं वर्ष संपताच, मे-जूनमध्ये जातो. म्हणजे चौथ्या वर्षाचे ग्रेड त्या जीपीएत येतच नाहीत. ‘शेवटच्या वर्षी सोपे विषय घेऊन भरून काढू’ हा बेत तिथेच फसतो. चौथं वर्ष मोजलं जावं असं वाटत असेल तर मध्ये एक वर्ष थांबून अर्ज करावा लागेल. त्यात कमीपणा अजिबात नाही. आता मेडिकल स्कूलला दाखल होणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त जण पदवीनंतर किमान एक वर्ष थांबलेले असतात. हे वाक्य आजी-आजोबांना फोनवर सांगायला उपयोगी पडतं, कारण ‘वर्ष वाया गेलं’ ही भीती तिकडे फार खोल असते.

२. जीपीए एक नाही, दोन आहेत

ॲमकास तुमचा एकूण जीपीए काढतं आणि त्याशिवाय बीसीपीएमचा वेगळा काढतं. बीसीपीएम म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स. आपल्या पीसीबीत गणित घातलं की झालं. दोन्ही आकडे, आणि वर्षागणिक दोन्हीची फोड, प्रवेश समितीसमोर शेजारी-शेजारी असते.

सोपे क्लास घेणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. सिनेमाचा इतिहास, समाजशास्त्र, कम्युनिकेशन असे चार ‘ए’ आले, एकूण जीपीए ३.५वरून ३.६ला गेला, पण बीसीपीएम ३.२ला तसाच. समितीला मग काय दिसतं? विज्ञान सोडून बाकी सगळं जमतंय. हे चित्र तुम्हाला नकोय.

एखादा क्लास बीसीपीएममध्ये येतो की नाही हे त्यात मुख्यतः काय शिकवलं जातं त्यावर ठरतं, तो कुठल्या विभागाने शिकवला त्यावर नाही. नेहमी लागणारे विषय असे:

- स्टॅटिस्टिक्स आणि बायोस्टॅटिस्टिक्स येतात, गणितात. मानसशास्त्र विभागाने शिकवलेलं स्टॅटिस्टिक्ससुद्धा यात बसू शकतं.
- ॲस्ट्रॉनॉमी येते, फिजिक्सखाली.
- इकॉलॉजी, बॉटनी, जेनेटिक्स, मायक्रोबायोलॉजी, न्यूरोसायन्स येतात, बायोलॉजीखाली.
- सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, पब्लिक हेल्थ येत नाहीत.
- जिऑलॉजी येत नाही. दगडांच्या ज्या क्लासला कॅम्पसवर ‘रॉक्स फॉर जॉक्स’ म्हणतात, तो विज्ञानाचा म्हणून घेतलात तरी बीसीपीएमला त्याचा उपयोग शून्य.

बीसीपीएमचंही गणित मांडा. ४८ क्रेडिट ३.२ने झालेत आणि पुढचे १६ क्रेडिट सगळे ‘ए’ने झाले तर ३.४ होतो. स्टॅटिस्टिक्स, इकॉलॉजी, बॉटनी असे तुलनेने हलके वाटणारे क्लास या १६मध्ये जरूर असू द्या. मात्र निदान दोन जड क्लास हवेत: बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायोलॉजी यांपैकी. ‘आधी सी होता, आता बायोकेमिस्ट्रीत ए आहे’ हे ट्रान्सक्रिप्टवर दिसलं की पहिल्या वर्षाबद्दल फार खुलासा करावा लागत नाही.

सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीचे ओळखवर्ग बीसीपीएममध्ये येत नसले तरी घ्याच. एमकॅटच्या चार विभागांतला एक याच विषयांवर आहे. जीपीएला हातभार लागतो आणि परीक्षेचा एक मोठा तुकडा आपोआप तयार होतो. सोप्या क्लासमध्ये याहून चांगला सौदा मला माहीत नाही.

३. ‘सोपा’ कोणासाठी, ते सिलॅबसच सांगतो

सीनियर मुलं सांगतात तो ‘ईझी ए’ त्यांच्यासाठी ईझी असतो. क्लासचं नाव ऐकून नाव नोंदवू नका, सिलॅबस उघडा आणि गुणांची विभागणी असते त्या पानावर थांबा.

एकाच विषयाचे, दोन प्राध्यापकांचे दोन सिलॅबस शेजारी ठेवून पाहा. एकात असं दिसतं: तीन मिडटर्म प्रत्येकी २० टक्के, फायनल ४० टक्के, ग्रेड कर्व्हवर. दुसऱ्यात: दर आठवड्याला छोटी क्विझ, त्यातल्या सर्वांत वाईट दोन सोडून दिल्या जातात, तीन छोटे निबंध, शेवटी प्रोजेक्ट. पहिल्या क्लासमध्ये तुमचा ग्रेड शेजारच्या तीनशे मुलांवर अवलंबून आहे आणि एक वाईट दिवस महाग पडतो. दुसऱ्यात दर आठवड्याला थोडं काम केलं तर ‘ए’ जवळजवळ तुमच्या हातात आहे. पण इंग्रजीत लिहायला वेळ लागत असेल, म्हणजे दहावी-बारावी भारतात करून इथे आला असाल, तर तेच तीन निबंध तुमचे तीन वीकएंड घेतील आणि पाठांतर असलेला पहिला क्लास सोपा वाटेल. दोन मुलांना एकच क्लास सोपा पडेल असं नाही.

सिलॅबसमध्ये मी या क्रमाने पाहते: हजेरीला किती टक्के, उशिरा दिलेल्या कामाचं काय होतं, ‘ए’ची रेषा ९०ला आहे की ९३ला, फायनल सर्वांसाठी एकत्रित आहे का, आणि ती कुठल्या दिवशी. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण ऑर्गोच्या (म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या) फायनलच्या आदल्या संध्याकाळी २० पानी पेपर द्यायचा असेल तर तो क्लास सोपा राहत नाही.

काही सरकारी विद्यापीठांत कुठल्या क्लासमध्ये किती ‘ए’ दिले गेले याचे आकडे खुले असतात. बर्कलीला बर्कलेटाइम, मॅडिसनला मॅडग्रेड्स ही साधनं मुलं सर्रास वापरतात. तुमच्याकडे तसं काही आहे का, हे रजिस्ट्रारच्या साइटवर शोधा. रेट माय प्रोफेसर्सवरची मतं वाचा, पण तिथे फार खूश झालेले आणि फार रागावलेलेच लिहितात हे लक्षात ठेवून.

सेमिस्टरच्या सुरुवातीला ॲड-ड्रॉपची मुदत असते. गरजेपेक्षा एक क्लास जास्त नोंदवा, पहिल्या दोन-तीन तासांना बसा, जो पटत नाही तो मुदतीत सोडा. मुदतीत सोडलेला क्लास सहसा ट्रान्सक्रिप्टवर दिसतही नाही.

हिंदीच्या क्लासबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या घरातल्या बहुतेक मुलांना तो सुचतोच. घरी मराठी, टीव्हीवर हिंदी, मग हिंदी १०१ म्हणजे फुकटचा ‘ए’. पण भाषेच्या क्लासला प्लेसमेंट टेस्ट असते. बोलता-समजता येतं हे कळलं की अनेक कॉलेजं घरी भाषा कानावर पडलेल्या मुलांसाठीच्या वेगळ्या वर्गात किंवा थेट वरच्या पातळीला घालतात, आणि तिथे वाचन-लेखन अपेक्षित असतं. ज्या मुलाला ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ओळखू येत नाहीत त्याला तो वर्ग जड जातो. उलट, मराठी शाळेच्या रविवारच्या वर्गात देवनागरी पक्की झालेली मुलं इथे मजेत ‘ए’ काढतात. भाषेचे क्लास बरेचदा चार-पाच क्रेडिटचे असतात, त्यामुळे जीपीएला चांगला टेकू मिळतो. पण ते आठवड्यातून चार-पाच दिवस भरतात आणि हजेरी कडक असते, तेव्हा लॅबच्या वेळा आधी तपासा.

४. हलका क्लास जड सेमिस्टरला जोडा

ज्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, दोन्ही लॅबसह आहेत, त्याच सेमिस्टरला दोन हलके क्लास ठेवा. चारही जड घेऊन चारही ‘बी’ काढण्यापेक्षा दोन जड आणि दोन हलके घेऊन चार ‘ए’ काढणं केव्हाही चांगलं. हलक्या क्लासमुळे आठवड्यातले जे आठ-दहा तास मोकळे होतात ते ऑर्गोच्या सरावाला आणि ऑफिस अवर्सना द्या. सोप्या क्लासची सगळी किंमत त्या मोकळ्या तासांत आहे. ते नेटफ्लिक्सकडे गेले तर या योजनेतून काहीच उरत नाही.

सगळे हलके क्लास एकाच सेमिस्टरला कोंबू नका. समिती प्रत्येक वर्षाचा बोजा पाहते. एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, लॅब, आणि पुढचं सेमिस्टर १२ क्रेडिट सगळे ओळखवर्ग, असा ट्रान्सक्रिप्ट असेल तर मुलाखतीत विचारणा होऊ शकते.

मूळ आवश्यक विषयांना सोपा पर्याय शोधू नका. विज्ञान न घेणाऱ्यांसाठीचं फिजिक्स किंवा लॅब नसलेली केमिस्ट्री बहुतेक मेडिकल स्कूलना चालत नाही. तो ‘ए’ मिळूनही विषय पुन्हा करावा लागतो.

५. नेहमीचे सापळे

क्लास पुन्हा केला की जुना ग्रेड जातो, हा गैरसमज. कॉलेज तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर जुना ग्रेड झाकत असेल, पण ॲमकास दोन्ही वेळचे ग्रेड मोजतं. डीओ स्कूलसाठीच्या ॲकोमास या अर्जयंत्रणेत पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा, ती सोय २०१७पासून बंद झाली. घरात कोणी मोठं भावंड त्याआधीचं असेल तर त्यांचा सल्ला या बाबतीत जुना झालाय. आवश्यक विषयात ‘सी’च्या खाली असाल तर पुन्हा कराच, बहुतेक ठिकाणी किमान ‘सी’ लागतो. ‘बी मायनस’ असेल तर पुन्हा करण्यापेक्षा त्याच विषयाचा वरचा क्लास घेऊन ‘ए’ काढा.

पास-फेल. ‘पास’चा जीपीएला ना फायदा ना तोटा. आवश्यक विषयांत ते घेऊ नका, आणि जिथे ‘ए’ नक्की येणार आहे तिथे तर मुळीच नको.

‘डब्ल्यू’, म्हणजे मुदतीनंतर सोडलेला क्लास. जीपीएत धरत नाहीत, पण दिसतो. एखादा चालून जातो. दर वर्षी एक असेल तर कारण विचारलं जातं.

उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये ऑर्गो. ग्रेड मोजला जातो, पण काही मेडिकल स्कूलना आवश्यक विषय चार वर्षांच्या कॉलेजमध्येच झालेले आवडतात. एमएसएआरमध्ये प्रत्येक स्कूलचं धोरण पाहून ठरवा. इंग्रजी किंवा सोशिऑलॉजी तिथे करायला सहसा अडचण येत नाही, फीही बरीच कमी पडते.

शिफारसपत्रं. बऱ्याच स्कूलना विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची पत्रं लागतात. चारशे मुलांच्या ऑनलाइन क्लासमध्ये ‘ए’ आला तरी तुमचं नाव ओळखणारं तिथे कोणी नसतं. म्हणून हलक्या विज्ञान क्लासपैकी निदान एक लहान वर्गाचा निवडा.

टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूलना अर्ज टीएमडीएसएएसमधून जातो आणि तिथे प्लस-मायनस धरत नाहीत. ‘ए मायनस’ असणाऱ्याचा फायदा, ‘बी प्लस’ असणाऱ्याचं नुकसान. टेक्सासचे रहिवासी असाल तर शीटमध्ये हा तिसरा रकाना ठेवा.

व्हिसा. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर पूर्णवेळ धरला जाण्यासाठी लागणाऱ्या १२ क्रेडिटांत एका टर्मला एकच ऑनलाइन क्लास चालतो, त्यामुळे सोपे ऑनलाइन क्लास गोळा करण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. एच-४ वरच्या, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांनी २१व्या वर्षी तो दर्जा संपतो हे धरून चालायला हवं. बऱ्याच मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय अशा घरांनी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी घेणाऱ्या स्कूलची यादी पहिल्याच वर्षी काढावी. जीपीएचं लक्ष्यही त्या यादीवरूनच ठरवावं, कारण तिथली स्पर्धा आणखी तीव्र असते.

६. तरीही आकडा खालीच राहिला तर

पदवीनंतर पोस्ट-बॅक, म्हणजे पदवी झाल्यावर घेतलेले जास्तीचे क्लास, करता येतं. पदवी पातळीचे विज्ञानाचे क्लास असतील तर ते ॲमकासमध्ये पदवीच्या एकूण जीपीएतही धरले जातात आणि पोस्ट-बॅक म्हणून वेगळ्या ओळीतही दिसतात. मास्टर्सचे ग्रेड मात्र स्वतंत्र राहतात, पदवीचा जीपीए त्याने हलत नाही. एवढ्यासाठी महागडं मास्टर्स घेण्याआधी ही गोष्ट दोनदा वाचा. पोस्ट-बॅकमध्ये सोपे क्लास घेऊ नका. तिथे सिद्ध करायचं असतं ते अवघड विज्ञान जमतं हेच.

७. अर्ज भरताना

ॲमकासचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो आणि पाठवता येतो तो मेच्या अखेरीपासून. प्रत्येक क्लास ट्रान्सक्रिप्टवरून स्वतः टाइप करावा लागतो: नाव, क्रमांक, क्रेडिट, ग्रेड, विषयाचा गट. ट्रान्सक्रिप्टची प्रत समोर ठेवूनच भरा, आठवणीवर नको. स्टॅटिस्टिक्स, न्यूरोसायन्स यांसारख्या क्लासचा गट निवडताना सिलॅबस हाताशी असू द्या. ॲमकासने गट बदलला आणि तुम्हाला तो चुकीचा वाटला तर ठरलेल्या मुदतीत दुरुस्तीची विनंती करता येते, आणि तेव्हा सिलॅबसचा आधार लागतो. म्हणून प्रत्येक क्लासचा सिलॅबस पहिल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा, नंतर कॉलेजच्या पोर्टलवरून तो नाहीसा होतो.

ट्रान्सक्रिप्ट अर्ज पाठवण्याआधीच मागवा, पण स्प्रिंगचे ग्रेड त्यावर चढल्याची खात्री करून. गर्दीच्या दिवसांत पडताळणीला अनेक आठवडे लागतात आणि ट्रान्सक्रिप्ट पोचल्याशिवाय तुमचा नंबरच लागत नाही.

चौथ्या वर्षाचे जे क्लास घेणार आहात तेही अर्जात लिहायचे असतात. तिथे बायोकेमिस्ट्री लिहून सप्टेंबरमध्ये तिच्या जागी हलका क्लास घेतलात तर अर्ज केलेल्या स्कूलना कळवा, कारण प्रवेश मिळाल्यावर अंतिम ट्रान्सक्रिप्ट मागितला जातो आणि आवश्यक विषय पूर्ण झालेत की नाहीत ते त्यावरूनच तपासतात.